ओढलं की वाढणारं दार

टी-स्क्वेअर, दोन गुण्ये, एक मिनी ड्राफ्टर, फ्रेंच कर्व्ह, ०.२, ०.३ आणि ०.५ ची रोट्रिंग पेनं, दाढीचं अर्धं ब्लेड, पेन्सिलीला टोक काढायला पॉलिशपेपरचा तुकडा, चिकटपट्टी आणि जुनं धोतर फाडून केलेलं मऊ फडकं. उदगिरात नकाशे काढून ज्यांनी घर चालवलं, त्या आमच्या पिढीच्या टेबलावर एवढं सामान असायचं. कुणाचं टेबल चौबाऱ्याच्या बाजूला माडीवर, कुणाचं देगलूर रोडला इंजिनिअरच्या ऑफिसात मागच्या खोलीत, कुणाचं घरच्याच ओसरीत खिडकीखाली. टेबलं वेगवेगळी, सामान तेच. आणि त्या सामानात सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे स्टेन्सिल.

हिरव्या पारदर्शक प्लास्टिकची ती पट्टी आठवते का? तिच्यात कमोड, वॉश बेसिन, सिंक, पलंग, सोफा, जेवणाचं टेबल अशा आकारांची भोकं पाडलेली असायची. एक पट्टी १:१०० ची, एक १:५० ची. पेन भोकाच्या कडेनं फिरवलं की बेसिन तयार. शाई पट्टीखाली ओढली जाऊ नये म्हणून खालून चिकटपट्टीचे दोन थर लावायचे, म्हणजे पट्टी कागदापासून केसभर उचललेली राहायची. ही युक्ती पुस्तकात नव्हती. जुन्या अनुरेखक काकांनी नव्या पोरांना शिकवायची आणि नव्या पोरांनी पुढच्या पोरांना.

स्टेन्सिल उसनी द्यायची पद्धत होती आणि तिचे नियम होते. शाई पुसून परत करायची. उन्हात ठेवायची नाही, वाकते. तिच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही. संध्याकाळी दुकानं मिटायच्या आत परत आली पाहिजे. कोपरा तुटला तर फेव्हिक्विकनं जोडायचा, जोड उमटला तर ब्लेडनं घासायचा आणि तीच पट्टी आणखी पाच वर्षं चालवायची. एकदा घ्यायचं, जपून ठेवायचं, पुन्हा पुन्हा वापरायचं. घरात चालायचं तेच टेबलावर चालायचं.

पण त्या पट्टीत आमचं घर नव्हतं. त्यात बाथटब होता, न्हाणी नव्हती. डबलबेड होता, दिवाण नव्हता. ढाळज नव्हती, देवळी नव्हती, बळद नव्हतं, उखळ नव्हतं, तुळशीवृंदावन नव्हतं, माळवदावर जायचा अरुंद दगडी जिना नव्हता. मोठ्या दाराच्या पोटात बसवलेला दिंडी दरवाजा तर कुठल्याच कारखान्याच्या पट्टीत नव्हता. उदगीरचे जुने वाडे मोजायला गेलं की हे सगळं कागदावर यायलाच हवं. मग जुन्या एक्स-रे फिल्म मागून आणायच्या, गरम पाण्यात धुवायच्या आणि ब्लेडनं कोरून त्यातून देवळी, वृंदावन, पाळणा असे आकार काढायचे. कुणाच्या तरी मोडलेल्या हाताच्या फोटोतून निघालेलं तुळशीवृंदावन अर्ध्या गावाच्या नकाशांत लागलेलं आहे.

आणि दार? दाराला स्टेन्सिल चालायची नाही, कारण दार प्रत्येक घरी वेगळं. समोरचं दार साडेतीन फुटाचं, खोलीचं तीन फुटाचं, न्हाणीचं अडीच फुटाचं. नकाशात ते अनुक्रमे डी, डी-१, डी-२ व्हायचं. चौकटीचे दोन चौकोन, फळीची एक रेघ, कंपासनं पाव वर्तुळ. एका बंगल्यात बारा-पंधरा दारं, तेवढे चौकोन, तेवढी पाव वर्तुळं. ट्रेसिंग पेपरवर शाई वाळली, प्रत पूर्ण झाली, की मालक यायचे. नकाशावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, दार जरा रुंद घ्या की ओ. आमचा दिवाण आत जाईना गेलाय."

मग अर्धं ब्लेड. शाई हलक्या हातानं खरवडायची, कागदाची साल निघू द्यायची नाही, खरवडलेल्या जागेवर नखानं घासून गुळगुळीत करायचं आणि नव्यानं दार काढायचं. दार सहा इंचांनी वाढलं की शेजारची खिडकी सरकायची, खिडकी सरकली की मापाच्या रेघा बदलायच्या. मग पुन्हा अमोनिया प्रिंट, पुन्हा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास, पास करायच्या प्रतींवर पुन्हा हातानं भरलेला लाल, पिवळा रंग. एका दिवाणापायी दोन दिवस जायचे. त्या दोन दिवसांचे पैसे मागायची रीत नव्हती.

आमचा लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत संगणकावर नकाशे काढायच्या ऑटोकॅडची पहिली आवृत्ती विक्रीला आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण आमच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू त्यांनी धरून ठेवल्या. जिल्ह्यामुळं कचेऱ्या आल्या, कॉलन्या पडल्या, नकाशांना मागणी आली. ऑटोकॅड मात्र उदगिरात यायला बराच वेळ लागला. आमच्यातले बहुतेक जण नव्वदीच्या शेवटी-शेवटी त्याच्यापुढं बसले. जाड काचेचा मॉनिटर, त्यावर रुमाल पांघरलेला, खोलीबाहेर चपला काढायच्या, उदबत्ती लावायची आणि मग यंत्र सुरू करायचं. आर-फोर्टीन या त्याच्या आवृत्तीचं नाव आम्ही घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचो. आयटीआयची दोन वर्षं ड्राफ्ट्समनचा ट्रेड केलेली पोरं-पोरी लातूर-नांदेडला क्लास लावून यायची आणि रात्री इतरांना शिकवायची. तोपर्यंत ज्यांच्या बोटांना शाईचा डाग होता, ती माणसं एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधायला लागली.

त्या यंत्रात आम्हाला सगळ्यांत आधी आपलंसं वाटलं ते 'ब्लॉक'. ब्लॉक लिहायचं, एंटर. नाव द्यायचं, एंटर. कुठं धरून उचलायचं तो बिंदू दाखवायचा. मग रेघा निवडायच्या, एंटर. झालं. दोन चौकोन, एक रेघ आणि एक पाव वर्तुळ यांचं आता एक दार झालं. पुन्हा हवं तेव्हा इन्सर्ट म्हणायचं आणि दार हजर. ज्यांनी हजारो दारं कंपासनं काढली होती, त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल ते तेच जाणोत. एकदा काढायचं, जपून ठेवायचं, पुन्हा पुन्हा वापरायचं. ही तर आमच्या घरातलीच रीत होती, यंत्रानं ती उचलली होती.

पुढं क्लासच्या पुस्तकातून कळलं की ही कल्पना ऑटोकॅडपेक्षाही जुनी. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम लिहिला, पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ काढायचा. त्यात मूळ चित्र एकच असायचं आणि त्याच्या हव्या तेवढ्या नकला मांडता यायच्या. मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलायच्या. आमच्या ब्लॉकमध्ये तेच होतं. खिडकीचं चित्र एकदा सुधारलं की अख्ख्या वसतिगृहाच्या साऱ्या खिडक्या सुधारल्या जायच्या. ब्लेड नाही, नख नाही, अमोनिया नाही.

ब्लॉकचेही नियम झाले, स्टेन्सिलचे होते तसे तोंडी. झिरो लेअरवर (नकाशाच्या शून्य क्रमांकाच्या थरावर) काढायचा, म्हणजे ज्या लेअरवर बसवाल तिचा रंग तो घेतो. धरायचा बिंदू चौकटीच्या आतल्या कोपऱ्यावर घ्यायचा, फळीच्या मधोमध नको. नाव असं द्यायचं की उद्या दुसऱ्याला कळेल. मिलिमीटरमधला ब्लॉक मीटरच्या नकाशात टाकायचा नाही, नाहीतर तो हजारपट मोठा येतो आणि साऱ्या प्लॉटवर एकट्या बेसिनचं राज्य होतं. जुने काका चष्म्याच्या वरून बघून विचारायचे, "झिरोवर काढलास का रे बाळ?" आणि बाळ म्हणायचं, "हो काका," आणि हळूच जाऊन तपासायचं.

आणि एक युक्ती, जी आमच्या सगळ्यांना तोंडपाठ होती. खिडकी एक बाय एक काढायची. एक युनिट लांब, एक युनिट रुंद. बसवताना आडवा गुणक खिडकीची रुंदी द्यायचा आणि उभा गुणक भिंतीची जाडी. दीड मीटरची खिडकी नऊ इंची भिंतीत हवी तर १.५ आणि ०.२३. एकच ब्लॉक, गावातल्या साऱ्या खिडक्या. खिडकीला हे जमायचं कारण तिच्यात नुसत्या समांतर रेघा. दाराला जमायचं नाही. दार एका बाजूनं ताणलं की पाव वर्तुळाचं अंडं व्हायचं आणि चौकट फुगायची.

म्हणून दारांची फौज. डी-७५ डावं, डी-७५ उजवं, डी-९० डावं, डी-९० उजवं, आत उघडणारं, बाहेर उघडणारं, दोन फळ्यांचं, सरकतं, जाळीचं. फ्लॉपीच्या १.४४ एमबीत ती फौज मावेना झाली. तरी फ्लॉप्या फिरायच्या. स्टेन्सिल फिरायची तशाच, त्याच नियमांनी, संध्याकाळच्या आत. बिदरच्या ओळखीच्या ऑफिसातून बाग आणि झाडांचे ब्लॉक यायचे, आपल्याकडून जिन्यांचे जायचे. देवळी आणि वृंदावन एक्स-रेच्या फिल्मवरून फ्लॉपीवर आलं. दिंडी दरवाजाही आला, ब्लॉकच्या पोटात ब्लॉक घालून.

पण मालक तेच होते. "साहेब, दार जरा रुंद घ्या की ओ." मग डी-९० पुसा, डी-१०० टाका. नसेल तर ब्लॉक फोडा, म्हणजे एक्सप्लोड करा, आणि रेघा हातानं ओढा. फोडलेला ब्लॉक पुन्हा ब्लॉक राहत नाही. तो मोजणीत येत नाही, मूळ सुधारलं तरी सुधारत नाही. एकाच नकाशात निम्मी दारं शहाणी आणि निम्मी सुटी रेघांची, असं चालायचं.

आमच्या पिढीला हे नुसतं कामाचं दुखणं वाटलं नाही, याचं कारण किल्लारीचा भूकंप.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. उदगिरातही मांडणीवरची भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली. औसा आणि उमरग्याकडच्या गावांत हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचं जड मातीचं माळवद, ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला, त्याच घरांखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. घरांची मापं कुटुंबाच्या जमिनीवरून ठरली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. नकाशा एक काढायचा आणि त्याची घरं ओळीनं मांडायची. हजारो कुटुंबांना छप्पर लवकर मिळालं पाहिजे होतं, दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या घाईत राबलेल्या सगळ्यांना आम्ही आजही हात जोडतो.

पुढं त्या गावांतून जाणं-येणं झालं तेव्हा दिसलं की माणसांनी घरं आपल्या हातानं ताणली होती. पुढं पत्र्याची ओसरी निघाली होती. चूल बाहेर आली होती. गोठा चिकटला होता, दाराशी वृंदावन बांधलं होतं, एका खोलीच्या दोन झाल्या होत्या. काहींनी मोठी खिडकी पाडली ती अगदी भिंतीच्या कोपऱ्याशी, जिथं पाडू नये असं भूकंपानंतर गवंड्यांना घसा कोरडा करून सांगितलं जात होतं. ज्यांनी नकाशे काढायचं काम केलं, त्यांना यातून एक गोष्ट कायमची कळली. एकच घर सगळ्यांना देता येतं, पण ते घर राहणाऱ्याच्या हातात वाढणारच. कुठं वाढू दे आणि कुठं वाढू देऊ नको, हे काढणाऱ्यानंच आधी सांगून ठेवायला हवं.

म्हणून २००५ च्या वसंतात ऑटोकॅड २००६ आलं आणि त्यात डायनॅमिक ब्लॉक आले, तेव्हा आम्ही ते नवं खेळणं म्हणून घेतलं नाही.

ज्यांनी वापरले त्यांना आठवेल. दारावर क्लिक केलं की फिकट निळ्या खुणा उमटायच्या. टोकाची खूण धरून ओढली की दार रुंद व्हायचं. बाणाच्या खुणेवर टिचकी मारली की डावं दार उजवं व्हायचं, दुसऱ्या बाणावर मारली की आत उघडणारं बाहेर उघडायचं. उलट्या त्रिकोणावर टिचकी मारली की यादी उघडायची: एक फळी, दोन फळ्या, सरकतं. चौकट फुगायची नाही, पाव वर्तुळ पाव वर्तुळच राहायचं. दारांची सगळी फौज एका दारात मावली.

आपल्याकडं शाळेचा गणवेश शिवताना शिंपी खालून चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचा. जूनमधली चड्डी पुढच्या जूनला उसवून खाली सोडायची, इस्त्रीनं दुमडीची रेघ मारायची आणि तीच आणखी एक वर्ष घालायची. शिंप्याला ठाऊक असायचं की पोरगं उंचीत वाढणार, म्हणून दुमड खाली. खिशाला दुमड नाही, काजाला दुमड नाही. डायनॅमिक ब्लॉक करताना आम्ही हेच करत होतो. वाढ कुठं होणार ते ओळखायचं, तिथं जागा सोडायची, बाकीचं पक्कं शिवायचं.

ती शिवण घालायची जागा म्हणजे ब्लॉक एडिटर. दाराच्या रुंदीला लिनिअर पॅरामीटर लावायचा. चौकटीच्या पलीकडच्या पायाला स्ट्रेच, फळीला आणि वर्तुळाला स्केल. मग रुंदीला मापांची यादी बांधून द्यायची: ७५०, ९००, १०००, १२००. आता दार ओढलं तरी याच मापांवर थांबणार. ८३७ मिलिमीटरचं दार कुणी चुकूनही काढू शकणार नाही, कारण त्या मापाची चौकट सुताराकडं नसते. भिंतीला चिकटायची खूण दिली की तिरप्या भिंतीजवळ नेल्यावर दार आपोआप तिरपं बसायचं.

रात्री लाइट असेल तेव्हाच हे काम. त्या वर्षांत भारनियमन कुणाला चुकलं? बॅटरी टीं-टीं करायला लागली की सगळ्या खोलीतून एकच आवाज यायचा, "सेव्ह करा, सेव्ह करा!" घरी जेवण झाकून ठेवलेलं असायचं. घरातली माणसं विचारायची, "एवढं काय करायलाव रात्री बसून?" आणि उत्तर ठरलेलं, "दार करायलालो."

मग एकेक वस्तू ताणायला शिकली. आमच्या त्या काळच्या फायलींत काय काय होतं ते सांगायलाच हवं.

ओटा होता: सरळ, एल आणि यू, तिन्ही एकाच ब्लॉकमध्ये, सिंक डावीकडं की उजवीकडं ते बाणावर. जिना होता: लांबी ओढली की पायऱ्या आपोआप वाढायच्या, प्रत्येक पायरी २५० ची, एकही पायरी अर्धी नाही. शाळेच्या वर्गातली बाकं होती: वर्ग ओढला की बाकांची ओळ वाढायची आणि मधली वाट कायम राहायची. देवघर होतं: भिंतीतली देवळी, लाकडी देव्हारा किंवा स्वतंत्र खोली, यादीतून निवडायचं. झोपाळा होता, त्याच्या पुढं-मागं झोका जायची मोकळी जागा तुटक रेघेनं दाखवलेली. मोटरसायकलींचं पार्किंग होतं, मंगल कार्यालयांच्या नकाशांत फार लागायचं. दिंडी दरवाजा होता, मोठं दार ओढलं तरी दिंडी तेवढीच राहणारी, कारण माणूस तेवढाच असतो.

हौदही होता. मराठवाड्यात घर बांधताना आधी पाण्याचं विचारतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर प्रत्येक मालक जमिनीखालचा हौद मोठा करून मागू लागला. आमच्या हौदाच्या ब्लॉकला यादी होती: ५०००, ७५००, १०००० लिटर. आकडा निवडला की लांबी त्या मापाला जाऊन थांबायची. भिंतीची जाडी मात्र ओढता यायची नाही आणि झाकणाचं तोंड लहान करता यायचं नाही, कारण सफाईला माणूस आत उतरला पाहिजे आणि सुखरूप वर आला पाहिजे.

आणि खिडकी. खिडकीवर आमच्यात सगळ्यांत जास्त चर्चा झाली. रुंदी किती ओढू द्यायची? अखेर आम्ही खिडकीला दोन्ही बाजूंनी भिंतीचा थोडा थोडा तुकडा तुटक रेघेनं जोडला. खिडकी कोपऱ्याजवळ नेली की तो तुकडा आडव्या भिंतीवर चढलेला दिसायचा आणि काढणाऱ्याला तिथंच कळायचं की आता पुरे. जास्तीत जास्त रुंदीलाही हद्द घातली. किल्लारीनंतर सलग लिंटेल पट्टा, कोपऱ्याचं अंतर, जोत्याचा पट्टा हे शब्द आमच्या कानांत बसले होते. ते आम्ही नियमाच्या पुस्तकात ठेवले नाहीत, खिडकीतच शिवून टाकले. पुढं ती खिडकी ज्या पोरानं बसवली असेल, त्याला भूकंप आठवतही नसेल. तरी ती कोपऱ्यापासून लांब राहिली.

हे आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ब्लॉक म्हणजे वेळ वाचवायचं साधन, हे खरंच. एका दिवाणापायी जाणारे दोन दिवस वाचले, मालकासमोर बसून दार रुंद करून दाखवता आलं, मालकांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहता आलं. दारांना डी-१, डी-२ ची चिठ्ठी जोडलेली असल्यानं सुताराची यादी यंत्रच मोजून द्यायला लागलं आणि एस्टिमेटची रात्र लहान झाली. पण त्याहून मोठं हे की ब्लॉक करणाऱ्याची समजूत त्या ब्लॉकमध्ये राहते. काय वाढेल, काय बदलेल, काय काही झालं तरी बदलू द्यायचं नाही, हे तो सांगून ठेवतो. तो ऑफिसातून निवृत्त होतो, नकाशा काढणारा बदलतो, घर दुसऱ्याचं असतं, आणि ती समजूत तिथं कामाला येते.

सगळं सुरळीत होतं असं नाही. दुसऱ्या स्वस्त सॉफ्टवेअरात फाइल उघडली की दार दिसायचं, पण निळ्या खुणा नसायच्या. घाईत काम करणारं कुणी तरी ब्लॉक फोडायचंच. फार खुणा लावलेला ब्लॉक जड व्हायचा आणि कुठली ओढावी ते कळायचं नाही. काका म्हणायचे, "खुणा तीनच ठेव. जास्त ठेवल्या तर माणूस घाबरतो." तो नियम आम्ही पाळला आणि पुढच्यांना सांगितला.

आता बरीच घरं भिंती-छपरासकट यंत्रात उभी करतात. रेव्हिटमध्ये त्यांच्या दारांना फॅमिली म्हणतात, स्केचअपमध्ये डायनॅमिक कंपोनंट. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यात एकच बांधकाम नियमावली आली, नकाशे संगणकावरून दाखल होतात. पोरं-पोरी हुशार आहेत. हवा तो ब्लॉक क्षणात उतरवून घेतात, तयार सोफा, तयार झाड, तयार गाडी. त्यांचा वेग बघून आम्हाला आनंद होतो. फक्त त्या तयार ढिगात पुन्हा बाथटबच जास्त दिसतो. न्हाणी दिसत नाही. वाळवण घालायची गच्ची दिसत नाही. आजोबांच्या खाटेला ओसरीत लागणारी जागा दिसत नाही. हिरव्या पट्टीत जे नव्हतं ते अजूनही बाहेरून येत नाही, ते इथल्याच माणसानं काढायला हवं.

म्हणून पुढच्या पिढीला आमचं सांगणं आहे, आणि ते मनापासून आहे. तयार ब्लॉक जरूर घ्या, पण दर घरामागं एक तरी ब्लॉक स्वतःचा करा. मोजायला जाल तेव्हा टेप दारालाच लावून परत येऊ नका. चुलीपुढं बसणारीला किती जागा लागते ते मोजा, गुडघे दुखणाऱ्या आजीला पायरी किती उंच चालते ते विचारा, दिवाण किती रुंद आहे ते बघा. त्यातून ब्लॉक करा. वाढणार तिथं खूण ठेवा, धोका आहे तिथं हद्द घाला, नाव असं द्या की उद्या दुसऱ्याला कळेल. झिरो लेअरवर काढा.

आणि उसने द्या. आमच्याकडचे ब्लॉक अजून चालतात: दिंडी दरवाजा, देवघर, ओटा, हौद, कोपऱ्यापासून लांब राहणारी खिडकी, साडेसात फुटांपर्यंत वाढणारा झोपाळा. पेन ड्राइव्ह घेऊन कधीही या. संध्याकाळच्या आत परत करायची अट आता नाही. घेऊन जा, आपल्या घराप्रमाणं सुधारा आणि सुधारलेला एक ब्लॉक आम्हालाही आणून द्या.